कोणीही न लावलेली आग

शिडाच्या नौकेच्या केबिनमधली लाकडी जमीन मोठ्या कष्टात आयुष्य काढते. वरून ओले पाय, खालून नौकेच्या तळाशी साठणारे पाणी आणि भोवती बंदिस्त, दमट हवा. ओलावा शोषला की लाकूड फुगते, कोरडे झाले की आकसते. या हालचालीमुळे त्यावरचे व्हार्निश काही वर्षांनी तडकते, पाणी आत शिरते आणि लाकूड काळे पडू लागते. मग फळ्या काढायच्या, जुने व्हार्निश खरवडायचे, पॉलिशपेपरने घासायचे आणि व्हार्निशचे नवे हात द्यायचे. लाकूड सागवानी असेल तर त्याचा अंगचा तेलकटपणा आधी थिनरने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर व्हार्निश धरत नाही. घरच्या फर्निचरच्या व्हार्निशपेक्षा नौकेच्या व्हार्निशमध्ये तेलाचे प्रमाण जास्त ठेवतात, कारण थर लवचिक राहिला तरच तो लाकडाबरोबर हलू शकतो.

शेवटचा हात देऊन झाला की जमीन चकचकीत दिसते आणि कोपऱ्यात तेलकट चिंध्यांचा एक बोळा उरतो. या निरुपद्रवी दिसणाऱ्या बोळ्यालाही इतिहास आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण जहाजाच्या केबिनमध्येच घडले.

१७८१ सालच्या एप्रिल महिन्यात रशियातील क्रोनश्टाट बंदरात ‘मारिया’ नावाची युद्धनौका इतर जहाजांसोबत नांगरून पडली होती. तिच्या एका केबिनमधून धूर येऊ लागला. शोध घेता तेथे एक गाठोडे सापडले. त्यात काजळी आणि हेंप या वनस्पतीच्या बियांचे तेल यांचे मिश्रण होते. जहाजांना लावायचा काळा रंग त्या काळी यापासूनच करीत. जवळ दिवा नव्हता, निखारा नव्हता. अशा वेळी पहिला संशय माणसावर जातो. त्यातून हे आरमाराचे बंदर. तेथे घातपाताची शंका म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी गाठ.

पण येथे एक वेगळी गोष्ट घडली. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या आज्ञेवरून चक्क प्रयोग करण्यात आला. तसेच मिश्रण तयार करून कापडात बांधले, एका केबिनमध्ये ठेवले, दार मोहरबंद केले आणि बाहेर पहारा बसवला. काही तासांनी आतून धूर निघू लागला! पुढे सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीतील गेओर्गी यांनी अशा मिश्रणांवर आणखी प्रयोग केले आणि निष्कर्ष पक्का झाला. आग लावणारा कोणी नव्हताच. मिश्रण आपले आपण तापले होते.

आग लागते हे सिद्ध झाले, पण का लागते? त्याचा धागा जिनिव्हाचे शास्त्रज्ञ थिओडोर द सोस्यूर यांच्या १८२० च्या सुमाराच्या एका प्रयोगात सापडतो. त्यांनी पाऱ्यावर अक्रोडाच्या तेलाचा पातळ थर दिला आणि वर ऑक्सिजन ठेवला. आठ महिने जवळजवळ काहीच घडले नाही. तेलाने स्वतःच्या आकारमानाच्या तिप्पट ऑक्सिजन घेतला, एवढेच. नंतरच्या अवघ्या दहा दिवसांत मात्र त्याने साठपट ऑक्सिजन घेतला आणि अखेरीस हा आकडा १४५ पटींवर गेला.

आपण ओला कपडा वाळत घालतो तेव्हा पाणी उडून जाते आणि कपडा हलका होतो. तेलाचे वाळणे नेमके उलटे आहे. त्यातून काही उडून जाण्याऐवजी तेच हवेतून ऑक्सिजन घेते आणि त्याचे वजन वाढते. जवस, अक्रोड, हेंप यांच्या तेलांतील रेणूंमध्ये दुहेरी बंध पुष्कळ असतात. ऑक्सिजनमुळे शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. ही शृंखला अभिक्रिया आहे. ती सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झाली की वेग घेते. बाजारच्या व्हार्निशमध्ये कोबाल्टसारख्या धातूंची संयुगे घालतात ती ही वाट पाहण्याची वेळ कमी करण्यासाठीच.

या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. जमिनीवर थर पातळ असतो, त्यामुळे उष्णता लगेच निघून जाते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. बोळ्यात तेच तेल असंख्य धाग्यांवर पसरलेले असते. हवा मिळण्यापुरती फट असते, पण उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की तापमान आणखी वाढते. काही तासांत चिंधी पेट घेते. तेल तेच, अभिक्रिया तीच. फरक फक्त रचनेचा.

‘मारिया’नंतर दोनशे दहा वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९९१ रोजी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. तेथे भिंतींच्या लाकडी तावदानांना नव्याने पॉलिश करण्याचे काम चालू होते आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या तशाच पडून होत्या. आग तिसाव्या मजल्यापर्यंत चढली. तेथील पाण्याच्या फवाऱ्यांनी ती अडवली, पण तोवर अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले होते. ज्ञान उपलब्ध होते. ते कामाच्या जागी पोचले नव्हते.

म्हणून नौकेची जमीन असो, शाळेचे बाक असोत की जवसाचे तेल पाजलेली क्रिकेटची बॅट असो, काम संपल्यावर चिंध्यांचा बोळा करू नये. त्या उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. जी मुले शाळेतून सुतारकामाकडे किंवा रंगकामाकडे वळणार आहेत, त्यांना हे आवर्जून सांगायला हवे.

वर्गात चिंध्या पेटवून दाखवण्याची गरज नाही. काचेच्या तीन पट्ट्यांवर जवसाचे, शेंगदाण्याचे आणि खोबरेल तेल पातळ पसरून ठेवा आणि रोज बोटाने तपासा. जवसाचे तेल काही दिवसांत चिकट होईल, मग त्यावर साय धरेल. खोबरेल तेलावर मात्र तशी साय धरणार नाही. या सायीसाठी लागलेला ऑक्सिजन कुठून आला, हा प्रश्न मुलांना विचारला की पुढचा तास आपोआप सुरू होतो.