नीलानलिका-स्थिरीकरण, बालरुग्णांतील
द्रव, औषध किंवा रक्त देण्यासाठी नीलेत (अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या वाहिनीत) घातलेली नळी जागच्या जागी राहावी म्हणून जे उपाय योजतात, त्यांस नीलानलिका-स्थिरीकरण म्हणतात. बोलीत ज्याला ‘सलाइन लावणे’ म्हणतात, त्याचे यश पुष्कळ अंशी यावर अवलंबून असते. बालकाच्या नीला बारीक व त्वचेखालील मेदात दडलेल्या असतात आणि हातपाय हलवू नयेत हे त्याला सांगून कळत नाही. नळी हलल्यास नीलेच्या भित्तीस इजा होते, द्रव भोवतालच्या भागात झिरपतो व सूज येते. कॅल्शियमयुक्त विद्राव झिरपल्यास त्वचा मृतही होऊ शकते.

इतिहास : पटकीच्या रोग्याच्या रक्तातील पाणी व लवणे कमी होतात, हे विल्यम ओशॉनेसी यांनी दाखविल्यावर १८३२ मध्ये टॉमस लॅटा यांनी स्कॉटलंडमधील लीथ येथे लवणविद्राव नीलेत सोडण्याचा उपचार केला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बालकांत घोट्याजवळची नीला छेद देऊन उघडी करण्याची व तीत घातलेली नळी दोऱ्याने बांधण्याची पद्धत रूढ होती. नळी पक्की बसे. परंतु बांधलेली नीला बहुधा कायमची निकामी होई. टाळूवरील नीलेत धातूची सुई टोचून ती चिकटपट्टीने बसविण्याचीही रीत होती. मात्र बालकाने मान वळविताच ताठ सुई नीलेबाहेर येई.

१९५० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डेव्हिड मासा यांनी सुईवर बसविलेली प्लॅस्टिकची नळी प्रचारात आणली. सुई काढून घेतल्यावर लवचिक नळी तेवढी आत राहत असल्याने इजा कमी झाली. १९६८ मध्ये विल्मोर व डड्रिक यांनी फिलाडेल्फियातील एका अर्भकाचे केवळ नीलेद्वारा पोषण केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या अर्भकाच्या मानेतील नीलेत घातलेली नळी त्वचेखालून कानामागे नेऊन डोक्यावर बाहेर काढली होती. त्यामुळे नळी स्थिर राहिली व त्वचेवरील जंतूंचा मार्गही लांबला. १९७३ मध्ये ब्रोव्हिअ‍ॅक यांनी वर्णिलेल्या सिलिकोनाच्या नळीवर डेक्रॉनचे कडे होते. त्यात शरीराचे ऊतक वाढून नळी धरून ठेवी.

पद्धती : हातापायातील नळीसाठी मऊ अस्तराची फळी सांध्याखाली बांधतात. बोटे उघडी ठेवतात व पट्टी अवयवाभोवती आवळून गुंडाळीत नाहीत. टोचलेल्या जागी पारदर्शक आवरण लावल्यास लाली व सूज वेळीच दिसते. नळीला सैल वळसा दिल्याने ओढ थेट टोकावर पडत नाही. अकाली जन्मलेल्या अर्भकाची त्वचा चिकटपट्टीबरोबर सोलून निघू शकते, म्हणून पट्टी कमी वापरतात व ओलावून हळूहळू काढतात.

जिल्हा पातळीवरील महत्त्व : पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. ‘सिकलसेल’ या नावाने परिचित असलेला दात्रकोशिका पांडुरोग या भागात आढळतो. त्याच्या रोग्यास बालपणापासून वारंवार द्रव व प्रसंगी रक्त द्यावे लागते. एका वेळी निकामी झालेली नीला पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही. अत्यवस्थ बालकास सु. ६० किमी. वरील नागपूरला हलविताना वाटेत नळी निसटल्यास पुन्हा नीला सापडणे कठीण असते. उन्हाळ्यातील घामाने पट्टी सुटते, हीही अडचण असते.

भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षास ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागून तेथील १७ अर्भकांपैकी १० मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेचा नळीशी संबंध नव्हता. तथापि अशा कक्षातील अर्भकाची सुरक्षितता सर्वस्वी इतरांच्या जागरूकतेवर अवलंबून असते, हे तिने दाखवून दिले. स्थिरीकरणासही हेच लागू पडते. पूर्वी नळी टिकविण्यासाठी नीला गमवावी लागे. आता नळी, नीला व त्वचा ही तिन्ही राखणे हे उद्दिष्ट आहे. त्यासाठी कोणत्याही पट्टीइतकीच परिचारिकेची वारंवार तपासणी आणि उशाशी बसलेल्या आईला सूज ओळखण्याची दिलेली माहिती आवश्यक असते.