रात्रीचं आसन

औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांच्या वाट्याला व्यायाम आला तो असा: सकाळचा, मोजून घालायचा, बळ कमावण्यासाठी.

पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त मात्र शवासनाची कामं दोनच: थकवा घालवणं आणि चित्ताला विसावा देणं. १९६९ मध्ये मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग करून निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आज मुलाला उताणं निजवून ‘आता पाय सैल, आता हात’ असं हळू सांगणारी आई याच परंपरेतली. ‘शव’ हा शब्द तेवढा ती टाळते. दिवेलागणीनंतर घरात असलं बोलत नाहीत. नाव गळलं तरी चालेल. दिवसभर मार्क मोजल्या जाणाऱ्या मुलाला इथे काहीच जमवून दाखवायचं नसतं, हे मात्र टिकायला हवं.