आंबोलीची यादी

मतदारसंघांच्या फेररचनेचा इतिहास आपल्याकडे बहुधा जागांच्या बेरीज-वजाबाकीत आटोपतो. न्या. कुलदीप सिंग आयोगाने २००१च्या जनगणनेवरून आखलेल्या सीमा २००८ साली लागू झाल्या. मुंबई शहराच्या जागा १७वरून १०वर आल्या, उपनगराच्या १७च्या २६ झाल्या. अंधेरीपुरते आम्हांला निराळेच काही महत्त्वाचे वाटते. आंबोली हे नाव मतदारसंघ म्हणून संपले. अंधेरी पूर्व, अंधेरी पश्चिम आणि वर्सोवा या नावांनी प्रथम मतदान झाले ते २००९ साली.

उमेदवाराला नवा मतदारसंघ शोधता येतो. गटप्रमुखाला गल्ली सोडता येत नाही. कोणत्या चाळीत कोण वारले, कोणत्या सुनेचे नाव अजून माहेरच्या यादीत आहे, कुणाची चिठ्ठी शेजारी ठेवायची, हे त्याचे सारे ज्ञान यादीच्या भाग-क्रमांकांशी बांधलेले. सीमा सरकली की ते क्रमांक विस्कटतात, आणि ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे उंबरे झिजवले तो उमेदवार रस्त्यापलीकडचा होतो. या तिन्ही जागा २००९मध्ये काँग्रेसने जिंकल्या, २०१४मध्ये तिन्ही गमावल्या. अभ्यासक लाटेचे नाव घेऊन मोकळे होतात (आम्हीही वर्गात तेच सांगत आलो). निकालपत्रकात चिठ्ठ्या वाटणाऱ्यांसाठी रकाना नसतो.