शाळाच मुलांकडे गेली तेव्हा

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. 'अंगणवाडी' ती हीच. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत टिकत नसेल, तर बदलायचे शाळेने, हे त्यामागचे तत्त्व.

हाच विचार कोल्हापुरात लीलाताई पाटलांच्या 'सृजन आनंद'ने १९८५ पासून जोपासला, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या नाशिकमध्ये अरुण ठाकूर व विनोदिनी पिटके-काळगी यांच्या 'आनंद निकेतन'ने. माध्यम मराठी, शिकणे अनुभवातून.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास मनाई केली. कृतीतून शिकण्याला आणि शक्य तिथे मातृभाषेला स्थान दिले. एके काळचा प्रयोग असा नियम झाला. पण वर्गावर कायदा जात नाही, शिक्षक जातात. आणि शाळा निवडतो आपण. मित्रांनो, नातवंडांसाठी शाळा पाहताना निकालाची टक्केवारी विचाराच. पण तिथे मूल न घाबरता प्रश्न विचारते का, हे आधी विचारा.