उन्हाची साठवण : हिवाळी हरितगृहविद्येची प्रस्तावना

जानेवारीत लडाखमधल्या लेहमध्ये रात्रीचा पारा उणे १५, कधी उणे २० अंशांपर्यंत उतरतो. झोजी ला ही खिंड बर्फाखाली गेली की श्रीनगरचा रस्ता तुटतो; मनालीकडचाही बंदच असतो. ओढे गोठलेले, जवाची शेते उघडी, माती कुदळीला दाद देत नाही. अशा वेळी त्याच शेतांच्या कडेला, मातीच्या तीन भिंती आणि प्लॅस्टिकचे एक उतरते छत एवढ्याच आडोशात पालक, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवीगार उभी असते. आत शेगडी नसते, वीजही नसते. हा आडोसा कसा चालतो, हा या पुस्तकाचा विषय.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हरितगृह नवे नाही. तळेगाव दाभाड्याच्या परिसरातली गुलाबाची आणि जरबेराची पॉलिहाऊसे, रंगीत ढोबळी मिरचीचे मळे आपण पाहतो. मात्र आपल्याकडच्या पॉलिहाऊसची सगळी धडपड पाऊस बाहेर ठेवण्याची आणि साचलेली उष्णता वरून काढून देण्याची असते. इथे ज्या विद्येची ओळख करून द्यायची आहे, तिचा प्रश्न उलटा आहे: दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत पुरवायचे कसे? मराठीतून शेतीशास्त्र शिकणाऱ्याने या प्रश्नाकडे यावे असे मला मनापासून वाटते. कारण गवंड्याचे काम, भौतिकशास्त्र आणि वनस्पतीचा स्वभाव अशा तीन गोष्टी एका वाफ्यावर एकत्र शिकायला मिळतात.

विषय जुना आहे. रोमन सम्राट तिबेरिअससाठी काकड्या चाकांच्या वाफ्यांत वाढवत आणि थंडीत त्यांवर पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांचे आच्छादन घालत, असे थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे. कोरियात पंधराव्या शतकाच्या मध्यावर राजवैद्य चॉन सुन-उई यांनी ‘सांगायोरोक’ या ग्रंथात हिवाळ्यात भाजी वाढवण्याच्या घराची कृती दिली: तीन बाजूंना मातीच्या भिंती, दक्षिणेला तेल लावलेल्या कागदाची खिडकी आणि जमिनीखालून धुराची ऊब. पुढे १९८०च्या दशकात चीनच्या ल्याओनिंग प्रांतात जी सौर हरितगृहे झपाट्याने पसरली, त्यांची घडण जवळपास हीच होती. उत्तरेला जाड भिंत, दक्षिणेला पारदर्शक उतार, आणि संध्याकाळ झाली की त्यावर गवताच्या चटया सोडायच्या. लडाखचे हरितगृह याच कुळातले आहे.

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर, ३४ अक्षांशावर आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, त्यामुळे आकाश बहुतेक दिवस निरभ्र. हवा विरळ आणि कोरडी असल्याने ऊन कडक लागते; पण त्याच कारणाने सूर्य मावळताच जमिनीची उष्णता आकाशात भराभर निघून जाते. म्हणजे निसर्गाने दिवसा भरपूर द्यायचे आणि रात्री सगळे काढून घ्यायचे, असा तिथला व्यवहार. हरितगृहाची प्रत्येक रेघ या व्यवहारावरून ठरते. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे मोठी बाजू दक्षिणेकडे येते. २१ डिसेंबरच्या आसपास लेहमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ ३२ अंश वर असतो; त्याचे किरण छतावर फार तिरपे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकचा पुढचा भाग उभट ठेवावा लागतो. उत्तरेची भिंत दुहेरी असते. आत कच्च्या विटांची, बाहेर पुन्हा कच्च्या विटांची, आणि मधल्या पोकळीत गवताचा भुसा किंवा पेंढा. आतली भिंत ऊन साठवते, मधला भुसा ते बाहेर जाऊ देत नाही. भिंतीचा आतला पृष्ठभाग काळा रंगवला की ती अधिक ऊन शोषते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती उन्हाळ्यात जे करतात, तेच ही भिंत हिवाळ्यात करते. फक्त तिचा उपयोग वेगळा.

याहून स्वस्त प्रकार म्हणजे खंदक. तीनेक फूट खोल खड्डा, वर लाकडी वासे, त्यावर पॉलिथिन. जमीन जसजशी खोल तसतशी तिच्यातली तापमानाची चढउतार मंदावते, हे एवढेच त्यामागचे तत्त्व. लेहमध्ये १९६२ सालापासून काम करणाऱ्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने, आजच्या ‘डिहार’ने, असे खंदक आणि त्यांत येणाऱ्या भाज्यांचे वाण यांवर दीर्घकाळ काम केले आहे. सुधारित सौर हरितगृहे गावोगाव नेण्यात ‘जेरेस’ या फ्रेंच संस्थेचा आणि तिच्या स्थानिक सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

हरितगृह गरम का होते, याचे शाळेत शिकवले जाणारे उत्तर अपुरे आहे. काच उष्णतेचे किरण बाहेर जाऊ देत नाही म्हणून, असे आपण पाठ करतो. पण १९०९ साली भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी दोन छोट्या पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच, दुसरीवर उष्णतेचे किरण सहज आरपार जाऊ देणारे सैंधवाचे तावदान. दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. आडोशाचे मुख्य काम आतली तापलेली हवा अडवून ठेवण्याचे, असा त्याचा अर्थ. साध्या पॉलिथिनमधून तर रात्री उष्णतेचे किरण बऱ्यापैकी निसटतात, म्हणून आतून दुसरा पडदा लागतो. लडाखमध्ये त्यासाठी जुन्या पॅराशूटचे कापड वापरात आहे. संध्याकाळी ऊन भिंतीवरून उतरण्याआधी तो पडदा ओढायचा आणि सकाळी ऊन छतावर आले की काढायचा. हे रोजचे काम चुकले तर भिंतीचा सगळा खर्च वाया जातो.

नवशिक्याला सगळ्यात उशिरा उमगते ती गोष्ट उजेडाची. हिवाळ्यात झाड थांबते ते केवळ थंडीने नव्हे. अमेरिकेत मेन राज्यात एलियट कोलमन यांनी गरम न केलेल्या हरितगृहांत वर्षानुवर्षे भाजी पिकवून एक साधा नियम मांडला: दिवस दहा तासांहून लहान झाला की वाढ जवळजवळ थबकते. त्यांच्याकडे हा काळ नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. लेहमध्ये तो डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, पाच-सहा आठवड्यांचाच. डोंगराची सावली पडत असेल तर जास्त. पुण्यात तो येतच नाही. यावरून जे निघते ते मला या साऱ्या विद्येचा गाभा वाटते. जानेवारीत खायची भाजी जानेवारीत वाढत नाही, ती शरदाच्या उजेडावर वाढलेली असते. हरितगृह तिला ताजी उभी ठेवते. म्हणून पेरणीची तारीख भिंतीइतकीच महत्त्वाची. आठवडाभर उशीर झाला तर रोपे काळोखाच्या दिवसांत बोटभर उंचीची राहतात आणि फेब्रुवारीपर्यंत तशीच बसतात.

वनस्पतीकडूनही मदत मिळते. पालक, गाजर, कोबीवर्गातल्या भाज्या हळूहळू थंडीला सरावतात. पेशींत साखर साठते, त्यामुळे पेशीतले पाणी सहज गोठत नाही. हिवाळी पालक गोड लागतो तो यामुळे. सकाळी पाने गोठून ताठ झालेली दिसली तर त्यांना हात लावू नये. ऊन येऊन ती पूर्ववत झाल्यावरच खुडणी करावी. टोमॅटो आणि काकडी यांना हा सराव जमत नाही, आणि त्यांच्यासाठी इंधन जाळण्याचा मोह मला चुकीचा वाटतो.

बाकीची दुखणी ओळखीची आहेत: मावा, भुरी, रोपांची मर. बंद घरात दमटपणा साठतो, त्यामुळे पाणी सकाळीच आणि बेताने द्यावे, वाफसा पाहून द्यावे. निरभ्र दुपारी आतले तापमान फार चढते, म्हणून कडाक्याच्या थंडीतही झरोका उघडावा लागतो. त्याने बाहेरचा कार्बन डायऑक्साइडही आत येतो, जो दाट लावलेली पाने बंद घरात लवकर संपवतात.

या विषयात शिरणाऱ्याने आधी किमान-कमाल तापमापक घ्यावेत. एक वाफ्याच्या उंचीवर, एक बाहेर, आणि जमला तर एक मातीत चार बोटे खोल. रोजच्या तीन नोंदींतून भिंतीची, छताची आणि पडद्याची कामगिरी वेगवेगळी दिसू लागते. पुढची प्रकरणे त्या नोंदी हाताशी ठेवून वाचली तर अधिक उमगतील; भिंतींचे प्रकरण आधी वाचावे, वाणांचे नंतर.

एक प्रश्न मात्र पुस्तकात सुटलेला नाही. झोजी ला खिंडीखालून बोगद्याचे काम चालू आहे. तो झाल्यावर भर हिवाळ्यातही ट्रक लेहला पोहोचतील, आणि बटाटे, कांदे, कोबी स्वस्त होतील. मग गावातली स्त्री संध्याकाळी पडदा ओढायला जाईल का? माझा अंदाज असा की पालेभाजीपुरती ती जाईल. कोथिंबीर आणि पालक घाटातून दोन दिवस प्रवास करून आले की त्यांत फारसे काही उरत नाही, आणि दाराशेजारची जुडी तर वेळेवर खुडता येते. पण प्लॅस्टिक काही वर्षांनी बदलावे लागते, फाटलेले कुठे टाकायचे हा प्रश्न उरतो, आणि अनुदान थांबले तर नवे कोण घेणार हेही पाहावे लागेल. या प्रश्नांवर काम करायला तरुण अभ्यासक हवे आहेत. त्यांच्या नोंदवह्यांची मी वाट पाहतो.