नीलादाबाची मोजदाद

रक्तदाब म्हटला की रोहिण्यांतील दाब तेवढा सामान्यतः मनात येतो; परंतु बालकांच्या हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास पाहू गेल्यास, अंगातील रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या महानीलांमधील अल्पसा दाबच या विद्येस पदोपदी मार्गदर्शक ठरला, असे दिसून येते.

या दाबाची मोजदाद प्रथम केली ती इंग्लंडातील टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी. घोडीच्या रोहिणीस जोडलेल्या काचेच्या नळीत रक्त 8 फूट 3 इंच चढले, तर मानेच्या नीलेतील रक्त जेमतेम फूटभर चढले, अशी नोंद त्यांच्या 1733 सालच्या ग्रंथात आहे. पुढे 1929 साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्याच हाताच्या नीलेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली, आणि जिवंत मनुष्याच्या हृदयात नळी पोहोचवता येते हे सिद्ध केले; हृदयालगतचा नीलादाब थेट मोजण्याची वाट त्यातून दिसली.

मार्च 1954 मध्ये मिनिआपोलिस येथे वॉल्टन लिलेहाय यांनी एका तान्ह्या बालकाचे रक्ताभिसरण त्याच्या पित्याच्या देहाशी जोडून हृदयाच्या पडद्यातील छिद्र शिवले, तेव्हा बालकाकडून जितके रक्त निघे तितकेच त्यास परत मिळावे, हा जमाखर्च क्षणोक्षणी जुळवणे भाग होते. ते बालक शस्त्रक्रियेतून निभावले, तरी पुढे न्युमोनियाने दगावले. मार्ग मात्र खुला झाला. शस्त्रक्रियेपुरते हृदय व फुफ्फुसांचे काम करणारे हृदय-फुफ्फुस यंत्र रूढ झाल्यावर नवे संकट उद्भवले: डोक्याकडील रक्त आणणाऱ्या इवल्याशा ऊर्ध्व महानीलेत, रक्त यंत्राकडे नेण्यासाठी बसवलेली नळी किंचित सरकली किंवा मुडपली, तर डोक्यातील रक्त तुंबते, चेहरा सुजतो, आणि रोहिणीदाबाचा आकडा समाधानकारक असूनही मेंदूस पुरेसे रक्त मिळत नाही; अशा वेळी मानेतील नीलादाबच धोक्याची सूचना देतो.

रक्तस्रावाच्या बाबतीतही तसेच. पाच किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त सुमारे 400 मिलिलिटर, म्हणजे 40 मिलिलिटर सांडले तरी दहावा हिस्सा गेला; तथापि बालकाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून रोहिणीदाब बराच काळ टिकवून धरतात, आणि म्हणून रक्ताची उणीव बहुधा नीलादाबाच्या घसरणीतून आधी कळते; उलट हृदयाभोवती रक्त साठून त्याची गळचेपी होऊ लागली, तर हाच दाब चढत जातो.

या दाबाचे महत्त्व पराकोटीस पोहोचले ते 1968 साली, बोर्दो येथे. त्रिदल झडपेचा मार्ग जन्मतःच बंद असलेल्या रुग्णांसाठी फ्रान्सिस फोंटां यांनी नीलांमधील रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवण्याची शस्त्रक्रिया योजली. या अभिसरणात फुफ्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पाच नसल्याने ते काम मुख्यतः नीलादाबासच करावे लागते. तो कमी पडला तर रक्त पुढे जात नाही; फाजील वाढला तर यकृत सुजते व पोटात पाणी साचते. शल्यकुशलतेची थोरवी सर्वमान्यच आहे; पण ज्यांनी या अल्प दाबाच्या आकड्यांवर रात्रंदिवस नजर ठेवली, त्या भूलतज्ज्ञांचा व परिचारिकांचा या इतिहासातील वाटा, माझ्या मते, शल्यविशारदांच्या बरोबरीचा आहे.