कठीण पाणी आणि घरगुती उपकरणे

कठीण (दुष्फेन) पाणी : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त प्रमाणात विरघळलेले पाणी. बोलीत त्याला जड पाणी किंवा क्षाराचे पाणी म्हणतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, तोटीवर पांढरी पुटे चढतात आणि पाणी तापवणारी उपकरणे अकाली निकामी होतात.

उगम : पावसाचे पाणी मुळात मृदू असते. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील खनिजे विरघळवत खाली जाते. महाराष्ट्राचा बराच भाग व्यापणाऱ्या बेसॉल्ट खडकातील खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम असतात. त्यामुळे विहिरीचे आणि बोअरचे पाणी धरणाच्या पाण्यापेक्षा बहुधा कठीण असते. मुंबईला मिळणारे तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी साठवलेल्या पावसाचे, म्हणून मृदू असते. धरणाच्या पाण्याऐवजी बोअरचे किंवा टँकरचे पाणी सुरू झाले, की पूर्वी नीट चालणाऱ्या उपकरणांच्याही तक्रारी सुरू होतात, त्या यामुळेच.

प्रकार व मापन : बायकार्बोनेटांमुळे येणारा कठीणपणा पाणी उकळल्यावर बराचसा जातो, म्हणून तो अस्थायी, सल्फेट व क्लोराइड यांमुळे येणारा उकळूनही राहतो, म्हणून तो स्थायी. कठीणपणा दर लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, या मापाने सांगतात. एका प्रचलित वर्गीकरणानुसार ६० पर्यंतचे पाणी मृदू, १२१ ते १८० कठीण आणि १८० च्या पुढचे अतिकठीण होय. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० आहे.

खारेपणा आणि कठीणपणा एकच नव्हेत. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलाच्या खारेपणात सोडियमचा वाटा मोठा आहे, आणि सोडियममुळे कठीणपणा येत नाही. घरोघरी दिसणारा टीडीएस मीटर सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देतो; केवळ त्याच्या आकड्यावरून कठीणपणा कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणी किंवा थेंब मोजून करायचा साधा चाचणी संच लागतो.

उपकरणांवरील परिणाम : बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात; कॅल्शियम कार्बोनेट मात्र कमी विरघळते. पाणी तापले की बायकार्बोनेटाचे विघटन होऊन ते साक्याच्या रूपाने वेगळे होते आणि सर्वांत तप्त पृष्ठभागावर घट्ट बसते. ३०० मिग्रॅ. अस्थायी कठीणपणाच्या १,००० लिटर पाण्यात असा जास्तीत जास्त ३०० ग्रॅम साका दडलेला असतो.

विजेच्या गीझरमध्ये हा थर तापकावर (कॉइलवर) चढतो. तो उष्णतेचा मंदवाहक असल्याने कॉइलची उष्णता पाण्यात सहज जात नाही. कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी जळते. सुटलेल्या खपल्या टाकीच्या तळाशी साचतात. तरीही कॉइलची उष्णता अखेर पाण्यातच उतरत असल्याने येथे वीजबिलापेक्षा कॉइलच्या आयुष्याचे नुकसान मोठे. गॅस गीझरमध्ये मात्र पाण्यात न शिरलेली उष्णता धुराबरोबर बाहेर जाते, म्हणून इंधनही वाया जाते. सौर जलतापकाच्या अरुंद तांब्याच्या नळ्या थराने हळूहळू बुजतात. अशा ठिकाणी उष्णता-विनिमयक असलेली रचना निवडणे हिताचे.

वॉशिंग मशीनमध्ये कॅल्शियम साबणाशी संयोग पावून चिकट, न विरघळणारा मळ तयार करते. कपडे राठ व करडे पडतात आणि पावडर जास्त लागते. कूलरमध्ये पाणी तापत नाही, पण सतत बाष्पीभवन होऊन क्षार मागे राहतात. त्याने ताट्या कडक होऊन हवेची वाट अडते, म्हणून टाकीतले पाणी वरचेवर पूर्ण बदलावे. आरओ यंत्रातील पटलाची छिद्रेही क्षारांनी बुजतात.

उपाय : गीझरचे तापमान ६० अंश से. च्या आसपास ठेवल्यास थर सावकाश साचतो. साचलेला थर सायट्रिक आम्लाच्या (लिंबूसत्त्वाच्या) किंवा व्हिनेगरच्या द्रावणाने विरघळतो. हे द्रावण संगमरवरावर सांडू देऊ नये आणि ब्लीचिंगच्या द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. तुरटीने गढूळपणा जातो, कठीणपणा जात नाही. नळावर बसवायची चुंबकीय साधने पाण्यातून कॅल्शियम काढत नाहीत.

खात्रीचा उपाय आयन-विनिमयाचा. मृदुकारक यंत्रातील रेझीन कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडते. रेझीन संपृक्त झाले की ते मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येते. कठीण पाणी पिण्यास अपायकारक असल्याचा पुरावा नाही. उलट त्यातून शरीराला थोडे कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळते. म्हणून स्वयंपाकघरातील पिण्याची जोडणी यंत्रातून न घेता वेगळी ठेवावी. ज्यांना सोडियम वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी तर हे आवश्यकच.

रेझीन धुतल्यावर निघणारे खारट पाणी बागेत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात मुळीच सोडू नये. गीझर वाचवताना बोअरचे पाणी बिघडले, तर नुकसान साऱ्या वस्तीचे होते. आधी कठीणपणा मोजणे आणि पाणी जिथे तापते तेवढ्याच जोडणीवर यंत्र बसवणे, यात मीठ, पाणी आणि पैसा तिन्ही वाचतात.